बारा फुटांवरचे बाबा

१

शूटिंगच्या दिवशी दादाच्या घरी पोचले की मी आधी फ्रिज बंद करायची आणि माझ्या गाडीची किल्ली त्या फ्रिजमध्ये ठेवायची. फ्रिजची घरघर माणसांच्या लक्षात येत नाही, माइकच्या येते. आणि बंद केलेला फ्रिज चालू करायला विसरले असते तर वहिनीने मला उभी सोलली असती. किल्ली आत असली की विसरायची सोय उरत नाही. मग पंखा बंद. मग भिंतीवरचं घड्याळ उतरवून बाबांच्या उशीखाली. मग सगळ्यांचे फोन सायलेंटवर आणि सगळ्यांची तोंडं बंद. वीस वर्षं लोकांना गप्प बसवून पोट भरते आहे, त्यामुळे माझा स्वभाव फारसा कुणाला गोड वाटत नाही.

दादा माहितीपट करतो आणि त्याच्या कामांचा आवाज मी पकडते. हा माहितीपट विश्व केवढं आहे यावर होता. दादाने पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं की गरगर फिरणाऱ्या आकाशगंगा नकोत, गंभीर संगीत नको, घोगऱ्या आवाजातलं निवेदन तर नकोच नको. एक म्हातारा शिक्षक खुर्चीत बसेल आणि शेजाऱ्याला सांगावं तसं सांगेल. पहिल्या भागात ही खोली, दुसऱ्यात गाव, मग पृथ्वी, चंद्र, सूर्य, सगळ्यात जवळचा तारा आणि शेवटी आकाशगंगा. सात भाग, आणि एका भागाला एक सकाळ.

म्हातारा शिक्षक म्हणजे आमचे बाबा. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. आई गेल्यावर ते बोलायचे थांबले. जेवलात का, हो. झोप लागली का, हो. दीड वर्ष यापलीकडे त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. दादाने हा विषय काढला त्या दिवशी मात्र ते सलग अर्धा तास बोलले, आणि वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडून आली. त्यामुळे माहितीपट वगैरे सगळं ठीक, पण खरं काम कोणतं ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. बाबांना बोलतं ठेवायचं.

२

बाबांची खोली दारापासून खिडकीपर्यंत बारा फूट. फरशा दोन-दोन फुटांच्या, म्हणजे सहा. हे मी मोजून घेतलं होतं, कारण माइक कुठे ठेवायचा ते मला ठरवायचं असतं. खिडकीशी बाबांची खुर्ची, दारात कॅमेऱ्यामागे दादा, त्याच्या शेजारी स्टँडवर माइक, आणि बाहेर पॅसेजमध्ये स्टुलावर, कानाला हेडफोन लावून, मी. खरं तर छोटा माइक बाबांच्या सदऱ्यालाच लावायचा होता. पण ते बोलता बोलता त्याच्याशी चाळा करायचे आणि माझ्या कानात उंदीर कुरतडल्यासारखं व्हायचं. दोन प्रयत्नांनंतर मी तो नाद सोडला.

चित्र कॅमेऱ्यात जातं आणि आवाज माझ्या यंत्रात. दोन्ही संध्याकाळी संगणकावर जुळवायचे असतात. त्यासाठी सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवतात. हात एकमेकांना भिडलेले दिसतात तिथे टाळीचा आवाज आणून बसवायचा, की पुढचं सगळं जुळतं. आमच्याकडे टाळी बाबाच वाजवायचे. वर्ग गप्प करायची त्यांची जुनी टाळी होती ती, एकच आणि कडक.

पहिल्या संध्याकाळी आवाज तीन फ्रेम मागे होता. एका सेकंदात पंचवीस फ्रेम असतात, त्यातल्या तीन. असं होतं कधी कधी. यंत्रं जुनी झाली की एकमेकांचं ऐकत नाहीत, घरातल्या माणसांसारखीच. मी आवाज तीन फ्रेम पुढे सरकवला आणि घरी गेले.

दुसऱ्या भागाला आठ फ्रेम होत्या. त्याही सरकवल्या. तिसऱ्याला पंचवीस, म्हणजे अख्खा सेकंद. मी यंत्राला एक शिवी दिली आणि सरकवलं. आता वाटतं, तिथेच थांबून विचार करायला हवा होता. पण चूक सापडली की ती दुरुस्त करायची, तिच्यावर विचार करत बसायचं नाही, हे माझ्या हाताला इतकं सवयीचं झालं आहे की रोज संध्याकाळी मी स्वतःच ती गोष्ट पुसून टाकत होते.

३

त्याच दिवसांत बाबांनी दोन तक्रारी केल्या. त्यांच्या तक्रारीचं आम्हाला कौतुकच वाटलं, कारण तक्रार करण्याइतका माणूस सुधारला होता.

पहिली तक्रार चहाची. चहा कोमट येतो म्हणाले. वहिनीला ते लागलं, कारण गॅसवरून उतरलेला चहा ती लगेच कपात ओतते आणि कुणीतरी तो लगेच नेऊन देतं. चंद्राच्या भागाच्या दिवशी मी स्वतः नेला. स्वयंपाकघर ते दार, दार ते खुर्ची, खोलीत चारच पावलं. बाबांनी घोट घेऊन कप माझ्या हातात परत दिला. खरंच कोमट होता. परत आले तेव्हा वहिनीने विचारलं, इतका वेळ काय गप्पा मारत होतीस. मी म्हटलं, गप्पा कुठल्या, कप दिला आणि आले. तिने स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बोट दाखवलं. वीस मिनिटं गेली होती. मी म्हटलं, तुमचं घड्याळ तपासून घ्या.

दुसरी तक्रार चपलांची. घरात घालायच्या नव्या चपला दादाने पंधरा दिवसांपूर्वी आणल्या होत्या आणि त्यांचे तळ झिजून भोकं पडली होती. बाबा खोलीतून संडासापर्यंत आणि जेवायच्या टेबलापर्यंत तेवढे चालतात. दादा म्हणाला, हल्ली माल असलाच मिळतो. बाबा म्हणाले, मला आता पूर्वीसारखं चालवत नाही, दार लांब पडतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कुणालाही दार लांबच पडतं, म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेलं.

आणखी एक होतं, ते तेव्हा तक्रारीत मोजलं नाही. काही विचारलं तर बाबांचं उत्तर उशिरा यायचं. मला वाटलं, वय. मग एकदा तेच दादाला म्हणाले, "तुम्ही दोघं हल्ली उत्तर द्यायला फार वेळ लावता. माझं बोलणं ऐकत असता ना?"

४

चौथ्या भागाला दोन सेकंद होते. मी दुसरं यंत्र भाड्याने आणलं, दुसरी वायर लावली, दुसरा माइक लावला. पाचव्या भागाला, म्हणजे सूर्याच्या दिवशी, चार सेकंद. मधल्या सुट्टीच्या दिवसांत चाचणी म्हणून मी बाबांकडून नुसती टाळी वाजवून घेतली, तर ती होती तिथेच राहिली, आदल्या आकड्यावर. वाढायची ती फक्त नव्या भागाच्या दिवशी.

माझ्याकडे एक नोंदवही असते. भाग कोणता, टेक कितवा, मागून कुठला हॉर्न वाजला, असलं सगळं त्यात असतं. त्या वहीत मी खोली, गाव, पृथ्वी, चंद्र, सूर्य असं एकाखाली एक लिहिलं आणि समोर तीन फ्रेम, आठ फ्रेम, एक सेकंद, दोन, चार. आवाज सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर जातो, हे माझ्या धंद्याचं पाढ्यातलं गणित आहे. मी गुणाकार केला. चौथ्या भागाच्या दिवशी बाबा माइकपासून जवळजवळ सातशे मीटरवर बसले होते. पाचव्याला तेराशे साठ.

सातशे मीटर म्हणजे चालत दहा मिनिटं. चहा कोमट व्हायला पुरे.

मी वही मिटली. मग स्वतःशीच वाद घालत बसले. इतक्या लांबचा माणूस मुंगीएवढा दिसायला हवा, बाबा तर बाबांएवढेच दिसतात. इतक्या लांबचा आवाज ऐकूच यायला नको, बाबांचा तर पहिल्या दिवसाइतकाच खणखणीत येतो. डोळे म्हणतात बारा फूट. घरमालकाच्या कागदावरही बारा फूटच असतील. म्हणजे मीच चुकते आहे. हे सगळं अगदी पटण्यासारखं होतं आणि ते मला अजिबात पटलं नाही.

दादाला वही दाखवली. त्याने बोटाने एकेक आकडा खालपर्यंत वाचला. मला वाटलं आता हसेल. तो म्हणाला, "मी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. तुला सांगितलं नव्हतं."

मग त्याने खालच्या आवाजात सगळं सांगितलं. तिसऱ्या भागापासून त्याला कॅमेऱ्यातून बाबांचे ओठ आधी हलताना दिसत होते आणि शब्द मागून येत होते. त्याला वाटलं, डोक्यात काहीतरी बिघडलं आपल्या. डॉक्टरने कान तपासले, डोकं तपासलं आणि त्याला धडधाकट ठरवून घरी पाठवलं. तेव्हापासून तो शूटिंगच्या वेळी फक्त उजेडाकडे लक्ष देत होता.

५

सूर्याच्या भागानंतरच्या सकाळी मला एक साधी गोष्ट सुचली. मी पॅसेजमधल्या स्टुलावर बसले. बाबा आत खुर्चीत पेपर वाचत होते, दारातून त्यांचे गुडघे आणि पेपर दिसत होता. मी त्यांच्या मोबाइलवर फोन लावला.

त्यांनी खिशातून फोन काढला, कानाला लावला.

"हां, बोल गं," फोनमध्ये बाबा म्हणाले. ताबडतोब. मध्ये श्वासाइतकीही फट नव्हती.

मी मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार.

"हां, बोल गं," दारातून बाबांचा आवाज आला.

खरं सांगायचं तर मला इतकी भीती त्याआधी फक्त एकदाच वाटली होती, आईच्या दवाखान्यातून पहाटे फोन आला तेव्हा. फोनमधले बाबा विचारत होते, अगं बोल ना, तू तर समोरच बसली आहेस, फोन कशाला करतेस. आणि त्यांचं प्रत्येक वाक्य चार सेकंदांनी दारातून पुन्हा येत होतं, तसंच, त्याच सुरात. मी म्हटलं, सहज केला, तुमचा फोन चालतो का बघायला. मग मला सुचेना म्हणून विचारलं, बाबा, तुम्हाला मी कशी दिसते तिथून?

"दिसतेस की नीट," ते म्हणाले. "पण बोलावंसं वाटलं तर फोनच करत जा. हे बरं पडतं."

६

सहावा भाग व्हायला नको होता. मी दादाला म्हटलं, थांबूया. दादा म्हणाला, बाबांना तू सांग. मी सांगायला गेले तर बाबा वहीत ताऱ्याचं अंतर काढत बसले होते, चष्मा नाकावर आणि पेन्सिल कानाला, दीड वर्षानंतर पहिल्यांदा दाढी केलेले. मी न सांगताच परत आले. सहावा भाग झाला. टाळी नऊ सेकंदांनी आली.

म्हणजे तीन किलोमीटर. मी ठरवलं की आज चालताना मोजायचं.

कॅमेरा आवरून झाल्यावर मी दारातून आत पाऊल टाकलं आणि मान खाली घालून फरशा मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहावर बाबांची खुर्ची लागायला हवी होती. सातवी फरशी आली. साधी फरशी, तशीच पिवळसर, तशाच बारीक ठिपक्यांची. आठवी आली. मी मोजत राहिले. फरशांमधल्या फटीत एखाद्या ठिकाणी धूळ होती, एका ठिकाणी शेंगदाण्याचं साल पडलं होतं. बाकी काही नव्हतं. पंखा बंद असल्यामुळे माझ्या पावलांचा आवाज ऐकू येत होता, आणि तो खोलीतला नव्हता. खोलीत पाऊल टाकलं की भिंती त्याचा थोडासा आवाज परत देतात. इथे काहीच परत येत नव्हतं. मोठ्या मैदानात मधोमध उभं राहून टाळी वाजवली तर अशीच विरून जाते.

चारशेवर मी मान वर केली.

बाबा समोर होते. खुर्चीतच. मागे वळून बघितलं तर दार तिथेच, दादा वायर गुंडाळत होता. नजरेने मोजल्या तर पुढे तीन फरशा आणि मागे तीन. पायाखाली बघितलं की आणखी एक यायची.

मी पुन्हा खाली बघितलं नाही. बाबांच्या चेहऱ्यावर नजर ठेवून चालत राहिले आणि दोनच पावलांत पोचले असं मला वाटलं. पोटऱ्या भरून आल्या होत्या, घसा कोरडा पडला होता. पोचताच मी त्यांचा हात धरला.

"दमलीस ना?" बाबा म्हणाले. "मी रोज दमतो."

हे ते अगदी जवळून म्हणाले आणि लगेच ऐकू आलं. हात धरलेला असताना काहीही उशिरा येत नव्हतं. त्यांच्या नाकातून श्वास येत-जात होता, तोसुद्धा वेळेवर. मला रडू येत होतं आणि त्यांना वाटलं मी खरंच दमले आहे, म्हणून त्यांनी मला पाणी प्यायला लावलं.

७

सातवा भाग करायचा नाही, यावरून आमचं भांडण झालं. दादाशी नाही, दादा तर सुटल्यासारखा झाला होता. भांडण बाबांशी झालं, तेही फोनवर, दोघं एकाच घरात असताना. मी कारण सांगू शकत नव्हते. तुम्ही बोललात की लांब जाता, हे मी बापाला कोणत्या तोंडाने सांगणार होते? ते आधीच दीड वर्ष न बोलून कुठे जाऊन बसले होते ते मी बघितलं होतं.

बाबा म्हणाले, चौतीस वर्षं पुस्तकातलं शेवटचं प्रकरण शिकवायचं राहून जायचं, दरवेळी परीक्षा आधी यायची. ते प्रकरण विश्वाचंच असायचं. आता कुठे ते प्रकरण शिकवायला मिळतंय, आणि तू परीक्षेसारखी मध्ये येतेस.

मी दोन अटी घातल्या. शूटिंग त्या खोलीत नाही, बाहेर हॉलमध्ये सोफ्यावर करायचं. आणि सगळा वेळ मी त्यांच्या शेजारी, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसेन, त्यांचा हात धरून. दादाने दोन्ही मान्य केल्या. बाबा म्हणाले, हात कशाला, मी काय पडणार आहे? पण मान्य केलं.

सकाळी दहाला दादा आणि मी त्यांना आणायला आत गेलो. एक हात त्याने धरला, एक मी. आम्ही तिघं बोलत बोलत बाहेर आलो, पायाखाली कुणी बघितलं नाही. हॉलमध्ये पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि तिघांनाही घाम आला होता. वहिनी दारात उभी होती. तिने आमच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि काहीही न विचारता पाणी आणलं. तिलाही कधीतरी कळलं होतं, फक्त तिने ते आमच्यासारखं वहीत लिहिलं नव्हतं.

८

सोफ्यापासून कॅमेरा दहा फुटांवर होता. बाबांच्या हाताशी छोट्या टेबलावर पाण्याचा जग आणि बिस्किटांचा डबा, चित्रात घर दिसावं म्हणून ठेवलेला. मी त्यांच्या डाव्या बाजूला, हेडफोन लावून, त्यांचा हात माझ्या हातात. मी म्हटलं, आज टाळी मांडीवर एका हाताने वाजवा. त्यांनी वाजवली. त्याच क्षणी माझ्या कानात आली. मला इतकं बरं वाटलं की मी दादाकडे बघून हसले.

दादाने कॅमेऱ्याला डोळा लावला. मग, डोळा न काढता, नेहमीच्या सुरात म्हणाला, "कोपर येतंय गं फ्रेममध्ये."

वीस वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही. ते कानावर पडलं की माझं अंग विचारायला थांबत नाही. फ्रेममध्ये येणारी वस्तू बाहेर जाते. मी उठले, वाकून तीन पावलं मागे आले आणि कॅमेऱ्याशेजारी, माइकपाशी, माझ्या नेहमीच्या जागी उभी राहिले. बाबांनी दोन्ही हात मोकळे झाल्यावर पुन्हा एकदा टाळी वाजवली, चांगली, दोन हातांची, आणि बोलायला लागले.

माझ्या कानात काहीही नव्हतं.

मी आधी वायर बघितली. मग बॅटरी. मग दादाचा चेहरा बघितला आणि मला कळलं की मी काय केलं. पुढे व्हायला हवं होतं, पण आम्ही दोघंही जागच्या जागी राहिलो, कारण बाबा फार छान बोलत होते. ऐकू येत नव्हतं तरी कळत होतं. हात उंचावत होते, मध्येच थांबून समोरच्याला समजलं का ते बघत होते, हसत होते. सात मिनिटांनी त्यांनी बोलणं संपवलं आणि आमच्याकडे बघितलं. शिकवून झाल्यावर वर्गाकडे बघतात तसं.

मी ओरडले, छान झालं, बाबा. दादाही ओरडला. बाबा तसेच बघत राहिले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी काहीतरी विचारलं. मग थांबले. मग पुन्हा तेच विचारलं. मी यंत्र बंद केलं नव्हतं.

अकरा मिनिटांनी टाळी आली. कडक, खणखणीत. आणि तिच्यामागून बाबांचा आवाज, आनंदात असलेला, विश्वाबद्दल सांगायला लागला.

९

दादाने तीनदा फोन लावला तेव्हा कुठे बाबांना खिशातली थरथर कळली. फोन मी घेतला.

"कसं झालं गं?" त्यांनी आधी हेच विचारलं.

फार छान झालं म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. मग तुम्ही असे का उभे, म्हणाले. मला भीती वाटायला लागली होती, असंही म्हणाले. मी म्हटलं, बाबा, तिथून उठू नका, एक पाऊलही टाकू नका, मी येते तुमच्याकडे.

"किती लांब आहेस?"

"जवळच आहे."

ज्या माणसाने चौतीस वर्षं अंतरं शिकवली त्याला हे सांगताना मला लाज वाटली. समोर सोफ्यावर ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. मग म्हणाले, "सावकाश ये. धावू नको." मी त्यांना सांगितलं की फोन आता बंद करा, रोज सकाळी दहाला एकदा चालू करा, म्हणजे बॅटरी पुरेल. पाणी घोटघोट प्या. आणि आता काही दिवस विश्वाबद्दल बोलू नका, दुसरं काहीही बोला. त्यांनी का ते विचारलं नाही.

सोफ्याच्या भिंतीकडून कुणी पोचतं का, तेही वहिनीने करून बघितलं. भिंतीला पाठ घासत गेली आणि पाच मिनिटांनी घाबरून परत आली. तिकडूनही तितकंच होतं.

मी वहीत गुणाकार केला. सव्वादोनशे किलोमीटर. चालत आठ दिवस, आणि बाबांकडे एक जग पाणी. दादा म्हणाला, मी जातो. त्याचे गुडघे मला माहीत आहेत. मी म्हटलं, तू कॅमेऱ्यापाशी थांब, दिसतं तर लगेचच, आम्हा दोघांवर लक्ष ठेव आणि दहाला फोन करत जा. शिवाय हात मी सोडला होता.

मग दादा लिफ्टने खाली गेला आणि वसतिगृहात गेलेल्या त्याच्या मुलाची सायकल वर घेऊन आला. इतके दिवस तो माझ्या वहीवर हो म्हणाला नव्हता आणि नाहीही म्हणाला नव्हता. आता हॉलच्या मधोमध उकिडवा बसून तो चाकांत हवा भरत होता, प्रत्येक चाक अंगठ्याने दाबून बघत होता. वहिनीने पाण्याच्या सहा बाटल्या, पाव, केळी, बाबांच्या गोळ्या आणि एक शाल पिशवीत भरली. टीव्हीपासून सोफ्यापर्यंत जायला इतकं सामान मी आजवर नेलं नव्हतं. तिने ती पिशवी कॅरिअरला बांधली आणि गाठ दोनदा ओढून बघितली.

मी सायकलवर बसले. दुपारचे सव्वा वाजले होते, गॅलरीतून भरपूर ऊन आत येत होतं. खाली बघायचं नाही, बाबांच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं, एवढं मी ठरवून टाकलं होतं. बाबांनी मला सायकलवर बघितलं आणि ते पुढे वाकले. हात वर करून काहीतरी म्हणाले, थोडंसंच, तीन-चार शब्द. ओठांवरून मला काही लागलं नाही.

"काय म्हणतायत?" दादाने विचारलं.

मी म्हटलं, तुला अकरा मिनिटांनी ऐकू येईल. मला तुझ्यापेक्षा दहा सेकंद तरी आधी, कारण तोवर मी तेवढी त्यांच्याजवळ गेलेली असेन. आणि पायडल मारलं.